चौदा मिलिमीटर

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
साडेनऊला इन्क्युबेटर उघडला
आणि प्रयोगशाळेला बाळंतिणीच्या खोलीचा वास आला.
घागमामा बाटल्या विसळत होते.
"कोण व्यालं गं?"

कुणी नाही, मामा. ओवा आहे.
दोन रात्री अल्कोहोलात भिजला,
गाळला, आटवला,
आणि काल संध्याकाळी कागदाच्या चकतीवर
दहा मायक्रोलिटर होऊन बसला.

ज्याच्यासाठी बसला तो आरेच्या शेडमधून आलेला.
अडतीस पिल्लं गेली तिथं, एका आठवड्यात.
लाल आगरावर उगवला तेव्हा
काळ्या टिकल्यांचं पाकीटच उघडलंय असं वाटलं;
इतका देखणा, की नोंदवहीत
क्षणभर त्याचं नाव लिहायचं राहिलं.

एका ताटलीत पाच चकत्या:
ओवा,
लसूण,
आवारातल्या पेरूचं पान,
कंपनीचं औषध,
आणि पाचवी नुसत्या अल्कोहोलाची, साक्षीला.

लसणीनं थोडी जागा केली, घसा खाकरावा तशी.
पेरूची कड धूसर, धड हो नाही, धड नाही नाही.
आणि औषधाच्या चकतीपर्यंत
जंतू थेट चालत आलेले,
चपला न काढता
शेजारी स्वयंपाकघरात येतो तसे.
वर्षानुवर्षं खाद्यातून चाटलंय त्यांनी ते.
ओळख झालीय.

ओव्याभोवती मात्र रिकामं वर्तुळ.
स्वच्छ. सारवलेल्या अंगणासारखं.
पट्टी लावली: चौदा मिलिमीटर.
पुन्हा लावली.
तिसऱ्यांदा मामांना लावायला दिली.
चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "चौदाच. सही करू?"

आणि आईला फोन केला नाही,
कारण काय सांगणार,
तू माझ्या छातीवर शेकलेल्या पुरचुंडीला
आज आकडा मिळाला?

मग आरे.
जिवली वरठा तेवीस वर्षं शेड झाडते.
तिनं पाण्याच्या भांड्याशी नाक नेलं,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मीच आजारी आहे.
"कोंबड्या तोंड लावत नाहीत, बाई. सकाळपासून.
नळाशी जातात, मान हलवतात, परत फिरतात."

मी तिला वर्तुळ सांगितलं.
बोटांनी हवेत काढूनही दाखवलं.
"असंल," ती म्हणाली.
"पण आधी प्यायला तर हवं."

वहीत मी हे वाक्य लिहिलं नाही.
फक्त मात्रा निम्मी केली.
वर्तुळ अकरावर आलं.
पुन्हा निम्मी. नऊ.
सहा मिलिमीटरची तर चकतीच असते;
म्हणजे हातात उरली
दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटरची गल्ली.
एवढ्यातून जायचं होतं,
कोंबडीला तहान घेऊन
आणि मला प्रबंध घेऊन.

रात्री स्वप्नात मी पट्टी शोधत असे.

मधे गूळ घालून पाहिला. मुंग्या आल्या.
मडक्यातलं गार पाणी जिवलीनं सुचवलं,
वास दबतो म्हणाली.
मॅडम म्हणाल्या, याला संदर्भ काय?
मी लिहिलं: तोंडी माहिती, जि. वरठा.
त्यांनी खोडलं. मी परत लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात विष्ठेतले जंतू मोजले.
कमी होते. गेले नव्हते.
"कमी" या शब्दाखाली
मी इतका वेळ पेन टेकवून बसले
की शाईचा ठिपका झाला,
काळा, गोल, ओळखीचा.

काल पुन्हा गेले होते शेडवर.
पायात एक्केचाळीसची रिंग असलेली एक तांबूस कोंबडी,
सगळ्यांत हट्टी,
मडक्याजवळच्या थाळीशी येऊन थांबली.
एक डोळा पाण्याला, एक मला.
चोच बुडवली.
मग मान वर केली;
त्यांना घोट गिळायला
आभाळाकडे बघावंच लागतं.
जिवलीनं खराटा थांबवला.
मी श्वास.

पिसांखालून घोट उतरताना दिसला.
नंतर तिनं अंग फुलवलं, दोन पावलं आली,
आणि माझ्या चपलेवर हगली.

"घ्या," जिवली म्हणाली,
"ताजं आहे."
मी खिशातून बाटली काढत होते आधीच,
दातांनी झाकण धरू नये
हे ठाऊक असूनही, जवळजवळ दातांनीच.